डिस्क फिरते, पण पडदा काळाच

लग्नाची डीव्हीडी, मुंजीची व्हीसीडी, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण, आवडत्या मराठी नाटकांच्या डिस्क. कितीतरी घरांच्या कपाटांत हा ऐवज अजून जपून ठेवलेला आहे. प्लेअर असतो, जुना जाड पाठीचा टीव्हीही असतो. अडते ते दोघांना जोडताना. प्लेअरचा दिवा लागतो, डिस्क फिरल्याचा आवाज येतो, पण पडद्यावर काही उमटत नाही. उमटलेच तर रंग गेलेले किंवा चित्र सारखे वर सरकणारे. मग ‘प्लेअर गेला’ असा निकाल लागतो आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते. प्रत्यक्षात प्लेअर एका प्रकारचा संकेत पाठवत असतो आणि टीव्ही दुसऱ्याच संकेताची वाट पाहत असतो. ही तफावत कुठे आहे, ते बहुतेक वेळा पडदाच सांगतो.

पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील, तर टीव्ही अजून अँटेनाच्याच चॅनलवर आहे. रिमोटवरचे ‘टीव्ही/एव्ही’, ‘व्हिडिओ’ किंवा ‘सोर्स’ यांपैकी जे बटण असेल ते दाबून एव्हीवर यावे लागते. पुढे आणि मागे दोन्हीकडे सॉकेट असतील, तर एव्ही-१ आणि एव्ही-२ असे दोन पर्याय मिळतात. पिना जिथे खोचल्या आहेत तोच निवडायला हवा. अनेक जुन्या संचांच्या पाठीवर ‘आउट’ लिहिलेली सॉकेटही असतात आणि घाईत पिना तिथेच जातात. प्लेअरच्या ‘आउट’मधून निघालेली वायर टीव्हीच्या ‘इन’मध्येच गेली पाहिजे.

त्या वायरीतली पिवळी पिन चित्राची. प्रकाश-छायेची माहिती आणि रंगाची माहिती या एकाच तारेतून एकत्र जाते. पांढरी पिन डाव्या बाजूच्या आवाजाची, लाल उजव्या बाजूच्या.

चित्र आले, पण कृष्णधवल, तर आधी हिरव्या सॉकेटकडे पाहावे. प्लेअरच्या मागे हिरवे, निळे आणि लाल अशी आणखी तीन सॉकेट असतात. ही कॉम्पोनंट जोडणी. हिच्यात हिरव्या तारेतून फक्त प्रकाश-छाया जाते आणि रंगाची माहिती इतर दोन तारांतून. सगळ्या पिनांचा आकार सारखाच असल्याने टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमधली वायर प्लेअरच्या हिरव्यात सहज बसते. चित्र स्वच्छ दिसते, रंग मात्र येत नाहीत. पिन पिवळ्यात हलवली की काम झाले.

पिना बरोबर असूनही पडदा काळा राहत असेल किंवा चित्राच्या चिंध्या होत असतील, तर संशय रिमोटवर घ्यावा. अनेक प्लेअरच्या रिमोटवर ‘व्ही-मोड’ किंवा ‘पी-स्कॅन’ नावाचे बटण असते. ते चुकून दाबले गेले की प्लेअर प्रोग्रेसिव्ह पद्धतीने चित्र पाठवू लागतो. आपल्याकडचा जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी रेखतो, एकदा विषम क्रमांकाच्या आणि एकदा सम क्रमांकाच्या. प्रोग्रेसिव्ह संकेतात हा वेग दुप्पट असतो आणि जुन्या संचातल्या सर्किटला तो झेपत नाही. अडचण अशी, की सेटिंग बदलायचे तर मेनू दिसायला हवा आणि मेनूच दिसत नाही. अशा वेळी डिस्क बाहेर काढून तेच बटण थांबत थांबत, एकेकदा दाबत जावे. प्रत्येक दाबाला प्लेअर पुढच्या पद्धतीवर जातो आणि टीव्हीला समजणारी पद्धत आली की चित्र उमटते. तेही जमले नाही तर शेजारच्या नव्या टीव्हीला प्लेअर जोडून मूळ सेटिंग परत आणावे.

वर सरकणारे, थरथरणारे किंवा रंग हरवलेले चित्र आणखी एका कारणाने येते. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीने: चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका आणि जपानने एनटीएससी स्वीकारली होती: ५२५ ओळी, सेकंदाला सुमारे ३० चित्रे. न्यू जर्सीतल्या भाचीच्या लग्नाची डीव्हीडी सांगलीच्या टीव्हीवर बिनरंगी दिसते, त्यामागे हा फरक असू शकतो. प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा प्रकार ‘ऑटो’ असेल तर डिस्कवरचा संकेत जसाच्या तसा पुढे जातो. तिथे ‘पाल’ निवडले की बरेच प्लेअर तो बदलून देतात. काही रिमोटवर यासाठी ‘पी/एन’ असे वेगळे बटण असते. बाजारातून विकत घेतलेल्या परदेशी चित्रपटांना विभागाचे कुलूपही असते. भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या. घरगुती चित्रीकरणाला हे कुलूप सहसा नसते.

काही वेळा चित्र उत्तम असते आणि पार्श्वसंगीतही दणदणीत, पण पात्रे काय बोलतात तेच ऐकू येत नाही. चित्रपटाच्या ५.१ ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे जातात. प्लेअरला सहा स्पीकर असल्याचे सांगून ठेवले असेल आणि टीव्हीला फक्त डावी-उजवी वायर जोडली असेल, तर मधला आवाज टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही. ध्वनीच्या मेनूत ‘स्टिरिओ’ किंवा ‘डाउनमिक्स’ निवडले की संवाद परत येतात.

टीव्हीला फक्त अँटेनाचेच सॉकेट असेल, तर आरएफ मॉड्युलेटर लागतो. ही छोटी डबी एव्ही संकेताचे एका चॅनलमध्ये रूपांतर करते आणि टीव्ही त्या चॅनलवर ट्यून करावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तिची चौकशी करताना ती पाल पद्धतीची आहे ना, एवढे विचारून घ्यावे. आपल्या पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्‌झचे अंतर असते, अमेरिकी पद्धतीत ४.५. चुकीची डबी घेतली तर चित्र मिळेल, आवाज मिळणार नाही. काही घरांत त्याऐवजी प्लेअर आणि टीव्ही यांच्या मध्ये व्हीसीआर जोडून वाट काढली जाते. पण विकतच्या अनेक डीव्हीडींत मॅक्रोव्हिजन हे नक्कल रोखणारे तंत्र असल्याने चित्र सारखे उजळते आणि मंदावते. तो टीव्हीचा दोष नव्हे.

सर्वांत मोठी कोंडी होते ती जुन्या टीव्हीसाठी नवा ब्लू-रे प्लेअर घेतल्यावर. नक्कल रोखण्याच्या परवान्यातील अटींमुळे २०१३ नंतरच्या ब्लू-रे प्लेअरमधून जुन्या पद्धतीचे चित्र बाहेर काढण्याची वाट बंद झाली. उरले ते फक्त एचडीएमआय. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी केबल स्वस्तात मिळते, पण तिचा इथे उपयोग नाही. एचडीएमआयमधून अंक धावतात आणि पिवळ्या तारेतून लहरी. त्यांचे रूपांतर करणारे सर्किट आणि त्याला वीज हवीच. म्हणून ‘एचडीएमआय टू एव्ही’ असे लिहिलेला, वीजजोडणी असलेला कन्व्हर्टर घ्यावा आणि त्यावरचा पाल-एनटीएससीचा खटका पालवर ठेवावा. जुना प्लेअर नव्या टीव्हीला जोडायचा असेल तर नेमका उलटा, ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर लागतो. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच असतात, पण एकीचे काम दुसरी करत नाही. काही नव्या टीव्हींना हेडफोनसारखे एकच एव्ही छिद्र असते. त्यासाठीच्या वायरींत आतल्या जोडणीचा क्रम वेगवेगळा असतो. पिवळ्या पिनेने चित्र आले नाही तर लाल किंवा पांढरी त्या जागी लावून पाहावी.

हे सगळे करताना एक पथ्य कडकपणे पाळायला हवे. पिना जोडण्यापूर्वी दोन्ही यंत्रे भिंतीवरच्या स्विचपासून बंद करावीत आणि जुन्या टीव्हीची पाठ कधीही उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ते काम मेकॅनिकचेच.

आणि चित्र एकदा लागले की त्याच आठवड्यात डिस्कची नक्कल करून ठेवावी. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो आणि त्या लग्नाचे दुसरे चित्रीकरण होणार नसते. यूएसबीने जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह संगणकाला लावला, की डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ आणि व्हीसीडीत ‘एमपीईजी एव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो. तो अख्खा हार्ड डिस्कवर उतरवावा, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि त्यावर समारंभाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे.