डोक्याचे मोल : संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट कसे निवडावे?

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि देणग्यांच्या तपशिलासमवेत आरोग्यविषयक प्रबोधनाचा एखादा लेख असावा, असा संकेत आहे. यंदा दुचाकीस्वाराच्या हेल्मेटचा विषय निवडला आहे. हा विषय रुग्णालयाच्या अहवालात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु डोक्याला मार लागलेला तरुण रुग्ण अपघात विभागात आणला जातो आणि बाहेरच्या बाकावर त्याचे आईवडील बसलेले असतात, त्या वेळी हा विषय रुग्णालयाचाच आहे याविषयी शंका उरत नाही. औषधे, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभाग यांचे काम अपघातानंतर सुरू होते. हेल्मेटचे काम अपघाताच्या क्षणीच होऊन जाते.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. हेल्मेट परिधान न केलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांपैकी ३५,६९२ जण वाहन चालविणारे, तर १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे दररोज सरासरी १३७ माणसे. यांतील प्रत्येक जण हेल्मेटमुळे वाचलाच असता असे कोणी म्हणणार नाही. तथापि अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला स्थानिक बाजूही आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट, कोल्हापूरकडे जाताना लागणारा आंबा घाट, आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यास जाणारा वळणांचा किनारी रस्ता आणि पावसाळ्यात रस्त्यावर वाहून येणारी तांबडी माती, यांचा अनुभव प्रत्येक रत्नागिरीकराला आहे. त्यातच मेंदूच्या गंभीर दुखापतीच्या रुग्णाला अनेकदा पुढील उपचारांसाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, आणि तेही घाटाने. मेंदूत रक्तस्राव होत असताना हा वेळ फार मोलाचा असतो.

थोडा पूर्वेतिहास

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी डोक्याच्या जखमांमुळे त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वार सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि हेल्मेटची उपयुक्तता दाखवून देणारा लेख १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. चेहरा व हनुवटी यांसह संपूर्ण डोके झाकणारे हेल्मेट १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाले व तेथून जगभर पसरले.

हेल्मेट काम कसे करते?

हेल्मेट जितके कठीण तितके चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. बाहेरचे कवच टोकदार वस्तू आत शिरू देत नाही व आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते. मेंदूचे खरे रक्षण मात्र कवचाच्या आतील थर्मोकोलसारखा जाड थर करतो. आघाताच्या क्षणी हा थर चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळवून देतो.

साधा हिशेब पाहू. दीड मीटर उंचीवरून पडणारे डोके जमिनीवर आदळते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १९ ते २० किलोमीटर असतो. म्हणजे गाडी उभी असताना तोल जाऊन पडले तरी आघात इतका असतो. उघडे डोके डांबरी रस्त्यावर आदळले की ते दोन-तीन मिलिमीटरांतच थांबते. आतील थर चेपून तेच अंतर दोन-अडीच सेंटिमीटर झाले, म्हणजे दहापट वाढले, तर डोक्यावरील सरासरी आघातबल एकदशांशावर येते. 'जवळच तर जायचे आहे, गाडी हळूच चालवतो,' ही सबब या हिशेबापुढे टिकत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. हा थर एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी ते बदलावे. जुने वापरलेले हेल्मेट विकतही घेऊ नये, कारण त्याचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो.

संपूर्ण चेहरा झाकणारेच का?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात : डोक्याचा वरचा भाग व कान झाकणारे उघड्या तोंडाचे, हनुवटीचा भाग वर उचलता येणारे, आणि हनुवटीसह एकसंध असणारे म्हणजेच फुलफेस. बांधकामावरील कामगारांच्या टोपीसारखी दिसणारी स्वस्त टोपी हा चौथा प्रकार नसून ते हेल्मेटच नव्हे.

पडताना माणूस बहुधा पुढच्या बाजूस फेकला जातो. त्यामुळे जबडा, गाल, नाक आणि दात यांवर मार बसतो. उघड्या तोंडाचे हेल्मेट कवटीचे रक्षण करील, पण चेहरा मोकळाच राहील. जबड्याचे अस्थिभंग झाल्यास प्रसंगी दोन्ही जबडे तारेने बांधून रुग्णाला काही आठवडे केवळ पातळ पदार्थांवर राहावे लागते. जबडा मोडून रक्त व लाळ घशात गेल्यास श्वासही अडू शकतो. हनुवटीपुढचा मजबूत भाग या इजा बऱ्याच अंशी टाळतो. हनुवटी उचलता येणारे हेल्मेट घेतल्यास ते चालविताना बंद ठेवावे. वर करून चालविल्यास त्याचा हा लाभ राहत नाही.

खरेदी करताना

प्रथम आयएसआय चिन्ह पाहावे. केंद्र शासनाच्या आदेशानुसार १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणचिन्हाविना दुचाकीस्वारांचे हेल्मेट तयार करण्यास व विकण्यास मनाई आहे. या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे. चिन्हाच्या वर हा क्रमांक आणि खाली उत्पादकाचा 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिटकविलेले चिन्ह पुरेसे समजू नये. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर परवाना क्रमांक तपासता येतो. घरातील कॉलेजकुमाराला सांगितल्यास तो दुकानातच हे काम दोन मिनिटांत करील. दुकानदाराकडून पक्के बिल अवश्य घ्यावे.

त्यानंतर माप. भुवयांच्या किंचित वर व मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून शिंप्याची टेप फिरवून घेर मोजावा. बहुतेक प्रौढांचा घेर ५४ ते ६२ सेंटिमीटरांच्या दरम्यान असतो. उत्पादकाच्या तक्त्यानुसार त्या मापाचे हेल्मेट घालून पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) गालांच्या गाद्या गालांना घट्ट टेकल्या पाहिजेत. नवे हेल्मेट किंचित घट्टच असावे, कारण वापराने गाद्या सैल होतात.

२) पट्टा बांधून मान डावीउजवीकडे हलवावी. हेल्मेटबरोबर कपाळाची त्वचाही हलली पाहिजे. हेल्मेट नुसते फिरत असेल तर ते मोठे आहे.

३) पट्टा बांधलेला असताना मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ओढून पाहावे. ते निघून येत असेल तर अपघातातही निघेल.

४) दुकानात दहा मिनिटे ते घालून ठेवावे. कपाळावर एकाच जागी टोचत किंवा दुखत असल्यास आकार जुळत नाही असे समजावे. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्मा घालूनच पाहावे.

'मुलगा मोठा होईल' म्हणून एक माप मोठे घेणे, किंवा घरात सर्वांना मिळून एकच हेल्मेट ठेवणे, ही काटकसर नव्हे. केसांचा अंबाडा घालणाऱ्या भगिनींनी अंबाड्यासह बसावे म्हणून मोठे हेल्मेट घेऊ नये. केस मानेजवळ सैल बांधावेत.

पट्टा बांधलेला नसेल तर हेल्मेट नाहीच, असे समजावे. पट्टा व गळा यांच्या मध्ये एक-दोन बोटे जातील इतपत तो घट्ट असावा. हँडलला किंवा कोपराला अडकविलेल्या हेल्मेटचा उपयोग पोलीस दिसेपर्यंतच.

किंमत पाहता, प्रमाणित साधे फुलफेस हेल्मेट सर्वसाधारणपणे एक ते दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्याहून महाग हेल्मेटमध्ये वजन कमी, हवा अधिक खेळती, काच उत्तम, असे लाभ असतात. तथापि योग्य मापाचे साधे प्रमाणित हेल्मेट हे चुकीच्या मापाच्या महागड्या हेल्मेटपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर ही रक्कम अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चापुढेही नगण्य आहे.

काच आणि कोकणातला पाऊस

चार महिने पाऊस असलेल्या आपल्या जिल्ह्यात काचेचा विचार वेगळा करावा लागतो. काच पारदर्शकच घ्यावी. काळी काच भर उन्हात बरी वाटते, पण रात्री व मुसळधार पावसात ती धोक्याची ठरते. श्वासाने काच धूसर होऊ नये म्हणून हनुवटीपाशी व कपाळाशी हवेची छिद्रे असलेले हेल्मेट निवडावे. धूसरपणा रोखणारी आतील पातळ काच बसविण्याची सोय काही हेल्मेटांत असते. ती उपलब्ध असल्यास पावसाळ्यात फार उपयोगी पडते. काचेवर ओरखडे उठले की समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश फाकतो, म्हणून अशी काच बदलून घ्यावी. सुटी काच अल्प दरात मिळते.

'हेल्मेटने बाजूचे दिसत नाही' अशी तक्रार असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार समोरच्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंस प्रत्येकी १०५ अंश दृष्टी मोकळी राहावी लागते. माणसाच्या नैसर्गिक दृष्टिक्षेत्रासाठी हे पुरेसे आहे. उकाड्याची तक्रार मात्र खरी आहे. चैत्र-वैशाखात घाम येणारच. आत सुती रुमाल बांधणे व गाद्या वेळोवेळी धुणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय.

मागे बसणारे आणि मुले

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस, मग ती वाहन चालविणारी असो वा मागे बसलेली, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख बांधवांना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद झाली. २०२३ च्या फेब्रुवारीपासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी त्यांच्या मापाचे हेल्मेट, चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम लागू झाला आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी पुढे बसलेल्या वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे मुलाला मांडीवर घेतलेल्या आईचे डोके उघडे, हे दृश्य मनाला पटणारे नाही. वर दिलेल्या १४,३३७ या आकड्यात अशाच व्यक्ती आहेत.

देखभाल

हेल्मेट सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण त्यांनी कवच व आतील थर कमकुवत होतात. याच कारणाने त्यावर रंग देऊ नये. उन्हात तापणाऱ्या टाकीवर ते ठेवू नये. पावसाळ्यात ओले हेल्मेट पंख्याखाली सुकवावे, चुलीजवळ नव्हे. आघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो.

अपघात घडलाच तर

जखमी हेल्मेटधारी व्यक्ती आढळल्यास घाईने हेल्मेट ओढून काढू नये. मानेच्या मणक्याला इजा असल्यास त्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. काच वर करावी, श्वास चालू आहे का पाहावे, डोके व मान स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास अडला असल्यासच हेल्मेट काढावे. तेही दोघांनी मिळून, एकाने मान व जबडा धरून आणि दुसऱ्याने हळूहळू सरकवून.

मदत केल्यास पोलीस-कचेरीचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये व संसदेने २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४ अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. तसेच २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णाच्या नातेवाइकांनी याची चौकशी रुग्णालयात अवश्य करावी.

विनंती

आमच्या सन्माननीय देणगीदारांच्या औदार्यावर गरजू रुग्णांच्या उपचारांचा मोठा भार उभा आहे. त्यांच्या रकमेतील प्रत्येक रुपया ज्या आजारांना टाळणे माणसाच्या हाती नाही, अशा आजारांसाठी खर्ची पडावा, अशी आमची इच्छा असते. डोक्याची इजा ही बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी आहे. म्हणून सर्व वाचकांना नम्र विनंती अशी की, यंदा गणपतीत, दिवाळीत किंवा मुलाच्या वाढदिवसाला भेट द्यावयाची असेल, तर घरातील दुचाकी वापरणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच्या मापाचे एकेक प्रमाणित हेल्मेट घ्यावे. आपण व आपले कुटुंबीय या रुग्णालयात यावेत ते हितचिंतक म्हणून, रुग्ण म्हणून नव्हे, हीच सदिच्छा.