राइड बदलली, पण नक्की कशामुळे काय झालं?

समजा, तुमचा प्रश्न आहे : थीम पार्कमधली जुनी राइड काढून नवी आणली की रांग वाढते का? लगेच ‘आधी’ आणि ‘नंतर’ची वजाबाकी करू नका.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममधली ‘स्प्लॅश माउंटन’ जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. जून २०२४ मध्ये तिथेच ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ सुरू झाली. पाण्याचा मार्ग आणि शेवटची मोठी घसरण तीच. गोष्ट, पात्रं, संगीत नवं. आता रांग वाढली, तर श्रेय कुणाचं? नव्या गोष्टीचं, नुसत्या नवेपणाचं, की सुट्ट्यांचं?

इथे तुलनेचा गट लागतो. टोकियो डिस्नेलँडमध्ये तेव्हा जुनीच राइड चालू होती. फ्लोरिडातल्या बदलातून टोकियोतला बदल वजा करा. दोन्हीकडे सारखं घडलेलं गळून पडतं. अट एकच : राइड बदलण्याआधी दोन्हीकडचे आलेख साधारण समांतर हवेत. सुट्ट्या वेगळ्या, म्हणून हे तपासावंच लागतं. नवेपणा मात्र यातूनही उरतो; त्यासाठी वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा मोजा.

तुमच्या विषयातलं ‘टोकियो’ कोणतं? डेटा गोळा करण्याआधीच ठरवा. नंतर ते मिळेलच असं नाही, आणि व्हायवात प्रश्न तर येणारच.