नागिणीचे गुप्त वसतिस्थान

काशीच्या पंचगंगा घाटावर उभे राहिले म्हणजे डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा याही तेथे येऊन मिळतात, पण गुप्तरूपाने, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या घाटाच्या आसपास, ब्रह्माघाट व दुर्गाघाट या भागांत, मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. काशीवासासाठी मराठी वृद्धही येत राहिले. याच उतारवयात वारंवार आढळणारी एक व्याधी अशीच गुप्त उगमाची आहे. ती म्हणजे नागीण.

नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, असा आपल्याकडे जुना समज आहे. यातील निरीक्षण खरे, निष्कर्ष मात्र चुकीचा. पाठीच्या कण्यातून निघणारा संवेदनेचा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या ठराविक पट्ट्याला पोचतो. नागिणीचे फोड त्या पट्ट्यावरच उठतात आणि बहुधा मध्यरेषेपाशी थांबतात. सर्पाकृती ही अशी मज्जातंतूची आकृती असते.

रोग मात्र बाहेरून आलेला नसतो. बालपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या चेतापेशींत दडून बसतो. १९६५ साली होप-सिम्पसन या इंग्रज वैद्याने मांडले, की प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते आणि ती उणावली म्हणजे तो डोके वर काढतो. पुढील संशोधनाने हे मत बळकट केले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. शरीर या शत्रूचा समूळ नाश का करीत नाही? एक तर निद्रिस्त विषाणू जवळजवळ मौन पाळतो. पहारेकऱ्यांना त्याची चाहूल लागत नाही. शिवाय चेतापेशी एकदा मेली की तिची जागा सहसा भरून येत नाही. ओठावर फोड आणणाऱ्या भाऊबंद विषाणूवर प्राण्यांत प्रयोग झाले, तेव्हा संरक्षक पेशी चेतापेशीला न मारता विषाणूला आवर घालताना आढळल्या. जणू घर न जाळता चोराला कोंडून ठेवणे!

या पहाऱ्यावर मेंदूचाही अंमल चालतो. दीर्घ चिंता वा आजारपण यांत मेंदूच्या इशाऱ्याने मूत्रपिंडावरील ग्रंथी कॉर्टिसोल स्रवतात आणि त्याने पहारा सैलावतो. प्लीहेपर्यंत पोचलेले मज्जातंतूही संरक्षक पेशींना संदेश देतात. तथापि ‘चिंतेने नागीण होते’ एवढे म्हणून भागत नाही. वाढते वय हेच तिचे प्रमुख कारण.

म्हणून दोन गोष्टी ध्यानी धराव्या. एका बाजूस अकारण आग वा ठणका लागून त्या जागी फोड उठले, तर मंत्र-लेपांत दिवस घालवू नयेत. विषाणूरोधक औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेले उत्तम. कपाळावर वा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो. त्याच दिवशी वैद्य गाठावा. दुसरे, पन्नाशीनंतर घ्यावयाची प्रतिबंधक लस भारतात २०२३ पासून मिळते. फोड सुकले तरी दुखावलेला मज्जातंतू वृद्धांना महिनोन्‌महिने झोपू देत नाही. ती वेदना टाळणे हाच खरा लाभ.