‘फ्रेंच कनेक्शन’चे रंग

‘द फ्रेंच कनेक्शन’ची (1971) कुठलीही नवी डिस्क आली की मी आधी पिझ्झाचा प्रसंग लावतो. न्यूयॉर्कच्या थंडीत पोलीस डिटेक्टिव्ह पोपाय डॉयल रस्त्यावर उभ्याउभ्या पिझ्झा खातोय, बेचव कॉफी शेवटी फुटपाथवर ओतून टाकतोय. समोरच्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये तो ज्याच्या मागावर आहे तो हेरॉइनचा तस्कर शार्निये मात्र निवांत जेवत बसलाय. प्रसंगात संवाद जवळपास नाहीत. काचेच्या आत ऊब आहे, बाहेर गारठा, आणि हे सगळं रंगांनीच सांगायचं आहे. हा फरक डिस्कवर पुसट झाला, तर डॉयलच्या मनात साठत चाललेला संतापही पुसट होतो.

त्याआधी टीव्हीची व्यवस्था लावावी लागते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, शार्पनेस शून्यावर, खोलीत अंधार. आजचे टीव्ही आपल्या अकलेने चित्र ‘सुधारतात’, आणि मग दोष डिस्कचा की टीव्हीचा हे कळेनासं होतं. चित्रपट एकदा न थांबता बघायचा. तुलनेसाठी पॉज करत बसायचं ते दुसऱ्या खेपेला.

नजर प्रथम ग्रेनवर, म्हणजे फिल्मच्या दिसणाऱ्या कणांवर जाते. छायालेखक ओवेन रॉयझमन यांनी हा चित्रपट हिवाळ्यात, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या बारमध्ये, बऱ्याच ठिकाणी आहे त्या प्रकाशात टिपला. तेव्हाची रंगीत फिल्म आजच्या मानाने फारच कमी संवेदनशील होती, म्हणून लॅबमध्ये निगेटिव्ह ‘पुश’ केली, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली. त्याने अंधारातलं चित्र वर येतं, पण ग्रेनही वाढतो. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन माहितीपटांतून आलेले. कॅमेरा हातात धरून माणसांच्या मागे धावणं त्यांना हवंच होतं. तेव्हा या चित्रपटाचा पडदा सतत थोडा सळसळतो, आणि तो तसाच सळसळला पाहिजे. ग्रेन पुसणाऱ्या डिस्क मी पाहिल्या आहेत. ‘प्रिडेटर’ची 2010 ची ब्लू-रे लावून बघा, श्वार्झनेगरचा चेहरा मेणाचा दिसतो. ग्रेनबरोबर त्वचेची रंध्रं, कापडाचा पोत, विटांच्या भेगाही जातात. चित्र स्वच्छ होतं आणि खोटं होतं.

‘फ्रेंच कनेक्शन’च्या बाबतीत मात्र घोटाळा वेगळाच झाला, आणि तो खुद्द दिग्दर्शकाने केला. 2009 मध्ये पहिली ब्लू-रे आली तेव्हा फ्रीडकिन यांनी रंग नव्याने ठरवले. आधी चित्र तीव्र कॉन्ट्रास्टचं कृष्णधवल केलं, मग त्यावर भडक पण मुद्दाम धूसर केलेला रंगाचा थर चढवला. जॉन ह्यूस्टनच्या ‘मोबी डिक’मधले (1956) फिकट रंग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ही पद्धत त्यांनी त्याच डिस्कवरच्या एका छोट्या फिल्ममध्ये उत्साहाने समजावूनही सांगितली आहे.

ती डिस्क लावून डॉयलच्या चेहऱ्यावर पॉज करा. त्वचेवर राखाडी-निळसर छटा आहे, आणि रंग आपापल्या कडांच्या आत राहत नाहीत, शेजारी ओघळतात. ऑस्करचं नामांकन मिळालेल्या छायालेखनाची ही गत, आणि रॉयझमन यांना कोणी विचारलंही नव्हतं. त्यांनी जाहीरपणे, अतिशय कडक शब्दांत नापसंती दाखवली. मी त्यांच्या बाजूने आहे. दिग्दर्शकाची मंजुरी हा डिस्कच्या वेष्टनावरचा सर्वांत वजनदार शब्द मानला जातो. पण अडतीस वर्षांनी बदललेली आवड ही मंजुरी नव्हे. 1971 मध्ये त्या दोघांनी मिळून जे निगेटिव्हवर उतरवलं आणि प्रेक्षकांनी थिएटरात पाहिलं, तो चित्रपट. डिस्कचं मोजमाप त्याच्याशीच व्हायला हवं.

2012 मध्ये पुन्हा ब्लू-रे निघाली, या वेळी फ्रीडकिन आणि रॉयझमन दोघांच्या संमतीने. पिझ्झाचा प्रसंग लावला की तिचं मोल कळतं. रेस्टॉरंटमधली ऊब परत आली आहे आणि त्वचेला पुन्हा रक्त आहे. ब्रुकलिनमध्ये उन्नत रेल्वेच्या खांबांखालून सुसाट जाणारी तपकिरी पॉन्टियाक तपकिरीच दिसते. शहर अजूनही मळकट आहे, पण तो मळ न्यूयॉर्कचा आहे, संगणकाचा नाही.

खरी कसोटी शेवटाकडे लागते. वॉर्ड्स आयलंडवरच्या पडक्या इमारतीत डॉयल शार्नियेला शोधतो. इथे काळ्या रंगाच्या छटा एकमेकींत मिसळल्या, तर भिंत, दार, माणूस असा सगळाच एक काळा ठिपका होतो. मग भीती वाटत नाही, फक्त नीट दिसत नसल्याचा वैताग येतो. डॉयलला जेवढं दिसतं तेवढं आपल्यालाही दिसायला हवं. त्यानंतर पडद्याबाहेरून येणारा तो एकच गोळीचा आवाज. चित्रपटाचा मूळ ध्वनी मोनो आहे, म्हणून मी तो भाग मोनोवरच ऐकतो. डॉन एलिसचं संगीत, रेल्वेची खडखड आणि हॉर्न एकाच ठिकाणाहून अंगावर येतात. पाच दिशांना वाटले की त्यांची दाटी सैल पडते.

अलीकडे आणखी एक तपासणी करावी लागते, ती लांबीची. 2023 मध्ये अमेरिकेत क्रायटेरियन चॅनल या स्ट्रीमिंग सेवेवर हा चित्रपट पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं, की सुरुवातीच्या भागातले, डॉयल वंशद्वेषी शिवी देतो तिथले काही क्षण गायब आहेत. डॉयल हा नायक म्हणून प्रेमात पडावं असा माणूस नाहीच. त्याचा द्वेष हा त्याच्या झपाटलेपणाचाच भाग आहे, आणि चित्रपट तो लपवत नाही. ते क्षण कापले की डॉयल सभ्य होत नाही, आपण फसवले जातो. 2012 च्या डिस्कवर तो प्रसंग अखंड आहे.

रॉयझमन आणि फ्रीडकिन दोघंही त्याच 2023 मध्ये गेले. पुढे कोणी या चित्रपटाचे रंग पुन्हा ठरवायला बसलं, तर विचारायला आता माणसं नाहीत. दोघांनी मान्य केलेली ही आवृत्ती समोर ठेवूनच काम करावं लागेल. म्हणून विकत घ्यायची ती 2012 ची. जुन्या मालात 2009 ची स्वस्तात मिळते आणि नाव तेच असतं, तेव्हा घेण्याआधी वेष्टनावरचं साल बघा.