हिट होती, तरी काढून टाकली!

सलग १८ वर्षं आपल्या गटात नंबर वन राहिलेली फोर्ड रेंजर अमेरिकेत २०११ मध्ये बंद झाली. खप उरला नव्हता म्हणून? छे! शेवटच्या वर्षी तर तो वाढला होता. मग लोचा झाला कुठे?

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे मार्केट यार्डात फ्लॉवरच्या गोण्या उतरवणारी गाडी, नाहीतर घर शिफ्ट करताना फ्रिज आणि गाद्या दोरीनं करकचून बांधलेला ‘छोटा हत्ती’. थोडक्यात, कामाची गाडी. तिच्यातून रुबाबात ऑफिसला जायचं? डेटवर जायचं? काहीतरीच काय!

अमेरिकेत मात्र उलटा कारभार. तिथं फोर्डच्या एफ-सीरिज पिकअप्स १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं सर्वाधिक खपाच्या गाड्या ठरत आल्या. बँकेतला बाबू पिकअपनं कामाला जातो, शाळेतल्या बाई पिकअपनं भाजी आणायला जातात. पण या एफ-सीरिज म्हणजे धिप्पाड प्रकरण. ज्याला हौदा हवाय पण हत्ती नकोय, त्याच्यासाठी होती रेंजर.

ती आली १९८२ मध्ये. त्याआधीच्या दशकात तेलाचे दोन मोठे झटके बसले होते, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि टोयोटा, डॅटसनच्या चिमुकल्या जपानी पिकअप्स अमेरिकन माणसाला अचानक शहाणपणाच्या वाटू लागल्या होत्या. फोर्डसुद्धा तोवर माझदानं बनवलेली पिकअप स्वतःचा बिल्ला लावून ‘कुरियर’ नावानं विकायची. मग त्यांनी ठरवलं, आपलीच बनवू. बनवली आणि सॉलिड चालली. १९८७ पासून २००४ पर्यंत छोट्या पिकअप्समध्ये तिला अमेरिकेत कुणी हरवू शकलं नाही. १९९९ हे तिचं सुपरहिट वर्ष. त्या एका वर्षात सुमारे ३ लाख ४८ हजार रेंजर विकल्या गेल्या.

असं होतं तरी काय तिच्यात? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही! दोन दारं, एक सलग सीट, चार सिलिंडरचं इंजिन, हातानं टाकायचे गिअर, हातानं फिरवून खाली करायच्या काचा आणि मागे सहा फुटांचा हौदा. रुंदीला ती साधारण आपल्या पहिल्या इनोव्हाइतकी. म्हणजे गल्लीत शिरणार, पार्किंगमध्ये मावणार. हौद्याच्या कडा इतक्या खाली की बाहेर उभं राहून हात घातला तर आतली पिशवी हाताला लागते. आजच्या पिकअप्सचा फाळका उघडून आत चढायला पायरी लागते, यावरून काय ते समजा. कॉलेजातल्या पोरांची ही पहिली गाडी. प्लंबरची, माळीकाम करणाऱ्याची, स्पेअर पार्ट पोचवणाऱ्या दुकानाची रोजची गाडी. पेस्ट कंट्रोल कंपन्या तर ताफेच्या ताफे घ्यायच्या.

आणि इथंच गंमत आहे. १९९० मध्ये फोर्डनं याच रेंजरच्या सांगाड्यावर पाच दारांची, घरच्या मंडळींना घेऊन फिरायची एक गाडी उभी केली. तिचं नाव एक्सप्लोरर. अमेरिकेतल्या एसयूव्हीच्या वेडाला जिनं हवा दिली, तीच ही. फोर्डनं तिच्यावर चिक्कार पैसा कमावला. रेंजरच्या वाट्याला त्यातलं काय आलं? १९९८ मध्ये एक मोठी दुरुस्ती झाली आणि त्यानंतर २०११ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, नवी रेंजर म्हणून काही आलीच नाही. इकडे जाळी बदल, तिकडे दिवे बदल, मध्ये कधीतरी एखादं इंजिन. बस्स.

ऑफिसात हा प्रकार तुम्ही पाहिलेला असणार. एखाद्याचं काम बिनबोभाट चाललेलं असतं, म्हणून त्याला ट्रेनिंग नाही, नवा लॅपटॉप नाही, टीम नाही. सगळं बजेट शेजारच्या स्टार परफॉर्मरला. आणि काही वर्षांनी अप्रेझलमध्ये शेरा काय? ‘आउटडेटेड’!

रेंजरचं नेमकं हेच झालं. तिकडे टोयोटाची टॅकोमा २००४ मध्ये नव्या अवतारात आली, मोठी झाली, दणकट झाली. रेंजर होती तिथंच राहिली. त्याच वर्षी न्यू जर्सीतला एडिसनचा कारखाना बंद झाला आणि रेंजर बनवायला उरला तो फक्त मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलचा. पुढे २०१० मध्ये खप ५५ हजारांच्या आसपास घसरला होता.

हिशोब कुणी केला?

फोर्डचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण ते अगदीच पोकळ नव्हतं. २०११ मध्ये साधी रेंजर साधारण १८ हजार डॉलरपासून मिळायची, तर थोरली एफ-१५० साधारण २२-२३ हजारांपासून. आता आपला लाडका प्रश्न, अ‍ॅव्हरेज किती देते? हायवेवर रेंजरचा सरकारी आकडा गॅलनला २७ मैल, म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटर. व्ही-सिक्स इंजिनाच्या एफ-१५० चा २३ मैल, म्हणजे पावणेदहा. कंपनी म्हणणार, थोडे पैसे टाकले की दुप्पट गाडी मिळते, मग धाकटी घेईल कोण? शिवाय थोरलीवर नफाही दांडगा.

मुद्दा बरोबर आहे. पण दोघींमधलं अंतर इतकं कमी झालं कुणामुळे? एफ-१५० ला त्या वर्षी नवीकोरी इंजिनं मिळाली होती. रेंजर दहा वर्षांपूर्वीच्या इंजिनावर धावत होती. एकीला जिमला पाठवायचं, दुसरीला उपाशी ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, ही पळत नाही!

त्यात कायद्यांनीही हातभार लावला. अमेरिकेतला मायलेजचा नियम तेव्हा नवा झाला होता. चार चाकांच्या मध्ये जमिनीवर जेवढं क्षेत्र येतं, त्यावरून गाडीचं मायलेजचं टार्गेट ठरू लागलं. पसारा मोठा तर टार्गेट सोपं, पसारा छोटा तर टार्गेट कडक. हेतू चांगला असेलही, पण कंपन्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. गाडी थोडी फुगवा, काम हलकं होतं.

आणि दुसरा कायदा तर चक्क कोंबडीचा! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या देशांनी स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. वचपा म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६३ च्या डिसेंबरात बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि छोटे ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर लावला. निशाण्यावर होती जर्मनीची फोक्सवॅगन. पुढे स्टार्च सुटला, ब्रँडी सुटली, ट्रक अडकला तो अडकलाच. ‘चिकन टॅक्स’ हे त्याचं नाव अजून प्रसिद्ध आहे. बाहेरच्या देशात बनलेली स्वस्त, छोटी पिकअप अमेरिकेत आणायची तर एवढा कर डोक्यावर घ्यायचा.

याचा रेंजरशी संबंध असा, की २०११ मध्ये नवी रेंजर खरोखरच आली होती! ऑस्ट्रेलियात डिझाइन झालेली, थायलंड, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात बनणारी, जवळजवळ १८० देशांसाठीची. फक्त अमेरिकेसाठी नाही. फोर्डचं स्पष्टीकरण असं की ही नवी गाडी आकारानं एफ-१५० च्या जवळपास ९० टक्के भरते, मग घरात दोन थोरल्या कशाला? तुम्ही म्हणाल, आपण तर ही कधी पाहिली नाही. पाहिली आहे. २०१६ पासून आपल्याकडे मिळणारी, एक्स्प्रेस वेवर आरशात दिसली की आपोआप डावीकडे व्हायला लावणारी फोर्ड एंडेव्हर याच रेंजरच्या सांगाड्यावर उभी होती. फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करायची घोषणा २०२१ मध्ये केली, तेव्हा एंडेव्हरवाल्यांचे चेहरे आठवतात? सेंट पॉलच्या रेंजरवाल्यांचे तसेच झाले असणार.

नदीकाठचा कारखाना

सेंट पॉलचा कारखाना हे एक वेगळंच प्रकरण होतं. मिसिसिपी नदीच्या उंच काठावर १९२५ मध्ये सुरू झालेला. वीज नदीवरच्या फोर्डच्याच जलविद्युत केंद्रातून. आणि कारखान्याच्या पोटाखाली बोगदे, कारण तिथल्या वाळूच्या खडकातून वाळू काढून गाड्यांच्या काचा तिथंच बनवायच्या. मॉडेल टी तिथं बनली, दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्या बनल्या, १९८५ पासून रेंजर बनली.

बंद करायची घोषणा झाली २००६ मध्ये. तारीख आधी २००८ ची होती, मग ती ढकलली, मग पुन्हा ढकलली. पाच वर्षं तिथली माणसं ‘आता जाणार, मग जाणार’ अशा टांगणीवर कामाला येत होती. नोटीस पिरियडचे तीन महिने ज्यांनी काढलेत, त्यांनी पाच वर्षांची कल्पना करून बघावी. १६ डिसेंबर २०११ या दिवशी शेवटची रेंजर लाइनवरून उतरली. पांढऱ्या रंगाची, आणि गिऱ्हाईक कोण, तर ऑर्किन ही पेस्ट कंट्रोल कंपनी. शेवटी उरलेल्या सुमारे ८०० कामगारांचा हा कारखान्यातला शेवट. त्या वर्षीचा खप ७० हजारांच्या वर गेला होता, आदल्या वर्षापेक्षा पाव हिश्शानं जास्त. बंद होणार म्हटल्यावर लोक धावले, हे उघड आहे. पण ७० हजार माणसांना तेरा वर्षं जुनी गाडीसुद्धा हवी होती, हेही तितकंच उघड आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या वॉरेन इथं डॉज डकोटाही बंद पडली होती. धड छोटी नाही, धड मोठी नाही, अशी मधल्या मापाची ती पिकअप, १९८७ च्या मॉडेलपासून चालत आलेली. आणि २०१२ मध्ये शेवरोलेची कोलोरॅडो गेली. म्हणजे दोन वर्षांत अमेरिकेच्या तिन्ही बड्या कंपन्यांनी हे दुकान आवरलं आणि चाव्या टोयोटा आणि निसानच्या हातात दिल्या.

रेंजरच्या वेड्यांचा एक किस्सा इथं सांगायलाच हवा. १९९८ ते २००२ या काळात फोर्डनं चक्क विजेवर चालणाऱ्या सुमारे दीड हजार रेंजर बनवल्या होत्या. बऱ्याचशा भाडेकरारावर दिलेल्या. करार संपला की गाडी परत घ्यायची आणि मोडीत काढायची, असा बेत. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात दोघा चालकांनी डीलरच्या दारात ठिय्या दिला, आमची गाडी मोडू नका, आम्हाला विका. आणि फोर्डला नमतं घ्यावं लागलं! पिकअपसाठी धरणं धरणारी माणसं, बोला.

नाव परत आलं...

कोलोरॅडो २०१४ मध्ये परतली आणि चालली. ते बघून फोर्डनंही २०१९ च्या जानेवारीत रेंजर अमेरिकेत परत विकायला काढली, मिशिगनमध्ये बनवून. पण ही तीच ९० टक्केवाली, थोडी घासूनपुसून. लांबी साडेपाच मीटरला थोडी कमी, किंमत २४ हजार डॉलरच्या पुढे, आणि दोन दारांची साधी केबिन? गायब. जुन्या रेंजरवाल्यांना ही नावाची रेंजर वाटली आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं.

खरी गंमत २०२१ च्या जूनमध्ये झाली. फोर्डनं मॅव्हरिक नावाची नवी छोटी पिकअप दाखवली. हायब्रिड इंजिन, शहरात लिटरला जवळजवळ १८ किलोमीटरचा आकडा, आणि सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरला पाच डॉलर कमी. काय झालं असेल? नोव्हेंबरपर्यंत हायब्रिडच्या ऑर्डर घेणं थांबवावं लागलं, जानेवारी २०२२ मध्ये त्या मॉडेलच्या सगळ्याच ऑर्डर बंद. २०२४ या एका वर्षात १ लाख ३१ हजारांवर मॅव्हरिक विकल्या गेल्या. म्हणजे दहा वर्षं ज्या गिऱ्हाइकाबद्दल ‘तो आता उरलाच नाही’ असं सांगितलं जात होतं, तो सेकंड हॅण्ड रेंजर चालवत वाट बघत बसला होता.

मॅव्हरिकला दारं मात्र चार, हौदा साडेचार फुटांचा, आणि २०२५ च्या मॉडेलपर्यंत किंमत २६ हजारांपलीकडे गेली. तेव्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये स्लेट नावाच्या नव्या कंपनीनं एक विजेवरची पिकअप दाखवली. तिच्यामागे अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांचाही पैसा आहे. ही पिकअप मॅव्हरिकपेक्षाही आखूड, रेडिओ नाही, मोठा स्क्रीन नाही, दारं दोन. काचा हातानं फिरवून खाली करायच्या. ५० डॉलर भरून नाव नोंदवायचं होतं, आणि काही आठवड्यांत लाखावर नावं आली.