कुंकवाची लाली आणि ॲनिलीन

पंढरपुरात विठ्ठलाचे दर्शन घेऊन बाहेर पडले की बुक्का, चुरमुरे आणि कुंकवाच्या राशी आपोआप समोर येतात. जुन्या कृतीचे कुंकू म्हणजे टाकणखार आणि लिंबाच्या रसाचा संस्कार होऊन लाल झालेली हळदच. ते गडद असते, भडक नसते. स्वस्तातल्या भडक कुंकवात मात्र पुष्कळदा कृत्रिम रंग असतो आणि अशा कित्येक रंगांचे मूळ ॲनिलीन नावाच्या एका साध्या अमाइनपाशी पोचते.

अमोनियाचा एक हायड्रोजन काढून तिथे बेंझिनचे कडे बसवले की ॲनिलीन होते. ताजे असताना ते बिनरंगी, तेलकट, पाण्याहून किंचित जड असते. हवा लागली की तपकिरी पडते. वास कुजक्या मासळीचा. ते १८४ अंश सेल्सिअसला उकळते. त्याचे नाव नीळ या आपल्याच शब्दावरून आले आहे: अरबांनी तो पश्चिमेला नेला, पोर्तुगिजांनी ‘अनिल’ केला. १८२६ मध्ये हे द्रव्य प्रथम मिळाले तेही नीळ तापवूनच.

रंग करताना ॲनिलीन आम्लात विरघळवून, बर्फात गार ठेवून त्यात सोडियम नायट्राइट घालतात. गारवा इथे महत्त्वाचा. ऊब लागली की मधला पदार्थ टिकत नाही, नायट्रोजनचे बुडबुडे होऊन निसटतो. हे गार मिश्रण बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कली द्रावणात ओतले की क्षणात नारिंगी-लाल साका बसतो. हा सुदान-१. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्याने हे केले आहे, त्याच्या बोटांवरून तो डाग लवकर गेलेला नसतो.

तयार रंग म्हणजे ॲनिलीन नव्हे, हे इथेच सांगायला हवे. दोघांचे धोके वेगळे. कुंकवाने कपाळावर उठणारी खाज आणि काळे डाग यांचा माग घेणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना सुदान-१ आणि त्याचे भाऊबंद सापडलेले आहेत. ती ॲलर्जी, कुंकू थांबवले तरी डाग रेंगाळतो.

ॲनिलीनचे विष थेट रक्तात जाते, तेही नुसत्या कातडीतून. अंगावर सांडले तर जळजळ फारशी नसते, म्हणून माणूस गाफील राहतो. शरीरात त्याचे जे रूपांतर होते, त्यातून हिमोग्लोबिनमधले लोह बदलते आणि त्याला प्राणवायू वाहता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसते, ओठ आणि नखे निळसर पडतात. डोके दुखते, धाप लागते. हे सगळे कधी काही तासांनी सुरू होते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसते: अवस्था कितीही बिघडली तरी ते बहुधा ८५ टक्क्यांच्या आसपास अडकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेत ॲनिलीन असलेल्या काळ्या रंगाने नुकतेच रंगवलेले बूट घातल्याने लोक असे निळे पडले होते.

सांडलेच तर भिजलेले कपडे आणि चपला तत्काळ काढायच्या, साबण-पाण्याने भरपूर धुवायचे आणि बरे वाटत असले तरी दवाखाना गाठायचा. चामड्याची चप्पल धुऊन पुन्हा वापरू नये. चामडे ॲनिलीन धरून ठेवते. दवाखान्यात शिरेतून जे औषध देतात ते मिथिलीन ब्लू. गंमत अशी की, १८७६ मध्ये तेही प्रथम तयार झाले ते कापडाचा निळा रंग म्हणून, आणि ॲनिलीनच्याच कुळातल्या एका द्रव्यापासून.