चार विटांच्या जागी तीन

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातली न्हाणी नवीन करायला काढली. काम आठ दिवसांचं, खर्च ठरलेला, गवंडी ओळखीचा. जुन्या फरशा फोडल्या, गिलावा खरवडला आणि संध्याकाळपर्यंत जिन्याखाली सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलेला राडारोडा रचला गेला. बावीस पोती. एवढ्याशा न्हाणीतून बावीस! ती जाणार कुठे, असं विचारलं तर गवंडी म्हणाला, ‘‘ते तुम्ही नका बघू साहेब, टेम्पोवाला बघतो.’’ टेम्पोवाला रात्री अकराला आला. चार दिवसांनी नदीकाठच्या रस्त्याने जाताना पुलाखाली एक ढीग दिसला आणि त्यात आमच्याच न्हाणीची फिकट हिरवी फरशी. वीस वर्षं तिच्यावर उभं राहून आंघोळ केली होती, ओळखायला वेळ लागला नाही.

या राडारोड्यासाठी देशात कायदेकानू नाहीत असं नाही. २०१६ साली केंद्र सरकारने त्यासाठी स्वतंत्र नियम केले. दिल्लीत बुराडीला त्यावर प्रक्रिया करणारा कारखाना २००९ पासूनच आहे, आता मुंबईसाठीही दहिसर आणि शीळफाट्याला असे प्रकल्प उभे राहिले आहेत. फुटकं काँक्रीट चिरडून, चाळून, धुऊन त्याची खडी-वाळू करायची, तिचे पेव्हर ब्लॉक पाडायचे, असं ते काम. भारतीय मानकानुसार अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच, २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. चांगलंच आहे. पण ही पंगत उठल्यावर उष्ट्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था झाली. पानात वाढतानाच हात आखडता घ्यायचा, हा विचार वेगळा. त्या विचाराचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा कारागीर केरळात होऊन गेला आणि त्याची शाळा अजून चालू आहे.

तिरुवनंतपुरमला स्टेशनाबाहेर पडलं की तंपानूरला विटांचा एक लालसर गोल मनोरा दिसतो. तो इंडियन कॉफी हाऊसचा. आत मजले नाहीतच. एक उतरंडीची वाट गोल गोल फिरत वर जाते, तिच्या बाहेरच्या कडेला ओळीने टेबलं आणि बाकं, आणि तीही बांधकामातलीच. फर्निचर विकत आणायचा प्रश्नच ठेवलेला नाही. बाहेरची भिंत म्हणजे विटांची जाळी. तिच्यातून वारा येतो, उजेड येतो, स्टेशनासमोरच्या गाड्यांचा आवाजही येतो. भिंतीला गिलावा नाही, खिडक्यांना चौकटी नाहीत, कारण खिडक्याच नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा इमारत गमतीची वाटली. न्हाणीच्या प्रकरणानंतर गेलो तेव्हा मी खायचं सोडून काय काय ‘नाही’ ते मोजत बसलो. गिलावा नाही म्हणजे तो खरवडण्याचा दिवस कधी येणार नाही. चौकट नाही म्हणजे ती कुजणार नाही. टेबल विकत घेतलेलं नाही म्हणजे मोडून भंगारात जाणार नाही.

हे लॉरी बेकर यांचं काम. जन्म १९१७चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. वास्तुकला तिथेच शिकले. क्वेकर पंथाचे, म्हणून महायुद्धात बंदूक घेतली नाही. रुग्णवाहिका पथकातून चीनमध्ये गेले आणि तिथे कुष्ठरुग्णांची सेवा केली. मायदेशी परतताना जहाजाची वाट बघत त्यांना मुंबईत काही काळ थांबावं लागलं, आणि तिथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. बेकर यांच्या पायात चिंध्यांचे स्वतः शिवलेले जोडे होते, चिनी पद्धतीचे. गांधीजींचं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि बोलणं सुरू झालं. हा माणूस घरं बांधणारा आहे हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना हिंदुस्थानात या म्हणून सांगितलं. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकर पुढे जन्मभर सांगत राहिले. टाकाऊ कापडाच्या जोड्यावरून सुरू झालेली ही ओळख मुंबईतली आहे, याचा आपण थोडा अभिमान धरायला हरकत नाही.

१९४५ साली ते कुष्ठरोग निवारणाच्या कामासाठी भारतात आले. डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केलं आणि दोघं पिथोरागढच्या डोंगरात दवाखाना चालवत सोळा वर्षं राहिले. बर्मिंगहॅमला शिकलेलं बरंचसं तिथे कुचकामी ठरलं. दगड, माती आणि लाकूड कसं वापरायचं हे डोंगरातल्या लोकांना त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. १९६३ साली केरळ, आणि काही वर्षांनी तिरुवनंतपुरम.

आता त्यांच्या भिंतीकडे येऊ. सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्याकडची नऊ इंची भिंत बांधताना वीट पालथी, म्हणजे रुंद अंगावर निजवतात. बेकर ती कडेवर उभी करायला लावत. वीट ढोबळ मानाने नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. कडेवर उभ्या केलेल्या दोन विटा समोरासमोर ठेवल्या, एक भिंतीच्या आतल्या तोंडाला आणि एक बाहेरच्या, की तीन अधिक तीन सहा इंच भरतात. मध्ये तीन इंचांची पोकळी उरते. पुढची वीट आडवी, आरपार, दोन्ही तोंडं बांधून ठेवणारी. मग पुन्हा दोन समोरासमोर. वरच्या थरात हीच रचना थोडी सरकवून. भिंत नऊ इंचच राहते, आत मात्र चौकोनी पोकळ्यांची माळ तयार होते. उंदराच्या सापळ्यासारखी दिसते, म्हणून तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. हिशोब कागदावर करून बघा. बारा इंच लांब, साडेचार उंच आणि नऊ जाड एवढ्या जागेत नेहमीच्या पद्धतीने चार विटा मावतात, या पद्धतीने तीन. पंचवीस टक्के विटा वाचतात, मालही कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची धग आत कमी पोचते. ही बांधणी बेकर यांनी शोधलेली नाही, ती आधीपासून होती. त्यांनी ती गवंड्यांच्या हातात पुन्हा रुजवली.

स्लॅबचंही तसंच. स्लॅब वाकू पाहते तेव्हा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट झेलतं, ताण झेलते ती सळई. खालच्या भागातलं काँक्रीट बहुतांशी सळईला धरून ठेवण्यापुरतंच. मग दोन सळयांच्या मधल्या जागेत महागडं काँक्रीट कशाला? बेकर तिथे मंगलोरी कौलं घालत, तीही भट्टीत वाकडी झालेली, फेकून द्यायच्या लायकीची. दोन कौलं एकावर एक, मध्ये हवा. कोकणात घराघरावरची ही कौलं उतरवून पत्रे चढवले गेले, तेव्हा उतरलेल्या कौलांचे ढीग परसात पडलेले पुष्कळांनी पाहिले असतील. ते भरावाला गेले, त्यांतलं स्लॅबमध्ये एकही गेलं नसेल.

भिंत गोल बांधण्याचा त्यांचा सोसही निव्वळ हौसेचा नव्हता. शंभर चौरस फुटांची चौकोनी खोली घ्या, भिंत चाळीस फूट. तेवढीच खोली गोल केली तर साडेपस्तीस फुटांत भागतं. शिवाय वळण घेतलेली भिंत स्वतःच्या पायावर उभी राहते, म्हणून नागमोडी कुंपण पातळ बांधता येतं. उळ्ळूरला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही अर्थशास्त्राची संस्था आहे. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या आवाराचं काम बेकर यांच्यावर सोपवलं. तिथे जाळ्या, नागमोडी भिंती, झाडाला वळसा घालून गेलेली बांधकामं, सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं. पैशाच्या काटकसरीवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांना राहायला-शिकायला अशी जागा मिळावी, हा योग बरा जुळून आला.

‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणतो. बेकर पाडलेली घरंही पाहत. जुन्या इमारती पाडल्या जात तिथल्या ढिगाऱ्यात शिरून ते दारं, चौकटी, तुळया हुडकत. आक्कुळमच्या चित्रलेखा फिल्म स्टुडिओचं कोरीव प्रवेशद्वार त्यांना असंच जुन्या सामानात सापडलं. नालंचिराला खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःसाठी बांधलेल्या ‘हॅम्लेट’ या घरात जुनं लाकूड आहे, आणि भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्यांतून उन्हाचे ठिपके आत उतरतात. खिडकीला चौकट, झडपा, बिजागऱ्या हव्यातच असं नाही, हे त्यांनी चित्र काढून समजावलं आहे. एक उभी फळी, वर एक खाच, खाली एक भोक, त्यांत फिरणारी. नकाशे ते पत्रांच्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढत. वास्तुविशारदाची फी खर्चाच्या टक्क्यांवर ठरते, त्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले की याचं नुकसान. बेकर विशारद आणि ठेकेदार स्वतःच होते. रोज कामावर उभे राहत आणि पुष्कळदा जागेवरच नकाशा बदलत.

माणूस गेला की त्याची रीत जाते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. इथे तसं झालं नाही, कारण १९८५ साली त्रिशूरला कॉस्टफोर्ड नावाची संस्था निघाली. माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, के. एन. राज, बेकर आणि टी. आर. चंद्रदत्त ही तिच्यामागची माणसं. एक राजकारणी, एक अर्थतज्ज्ञ, एक घरं बांधणारा आणि एक कार्यकर्ता. आपल्याकडे असे चौघं एका सतरंजीवर बसवणं कठीण. कॉस्टफोर्डने गवंडी तयार केले, तरुण वास्तुविशारदांना हातात थापी धरायला लावली. तिरुवनंतपुरमजवळ विलप्पिलशाला इथे लॉरी बेकर सेंटर फॉर हॅबिटॅट स्टडीज आहे. गावाचं नाव केरळात वेगळ्याच कारणाने गाजलेलं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे येत होता. शेवटी गावकऱ्यांनी २०११च्या डिसेंबरात कचरा प्रकल्पाला टाळं लावलं. शहराचा कचरा नाकारणाऱ्या गावातच कमी कचऱ्याचं घर शिकवणारी शाळा आहे.

आता दुसरी बाजू. जाळीतून वारा येतो तसे डासही येतात. उघड्या विटेला पावसाळ्यात शेवाळ धरतं. वीट वेडीवाकडी असेल तर पोकळ बांधणी कुरूप दिसते आणि नीट बसतही नाही. आपल्याकडच्या भट्ट्यांचा माल पाहता ही अडचण लहान नाही. वीट भाजायला इंधन जळतंच, बेकर नंतर मातीच्या भिंतींकडे वळले ते उगीच नाही. पंचवीस मजल्यांच्या टॉवरला यातलं फारसं काही लागू पडत नाही. मुंबईचा पुनर्विकास बेकर यांच्या वहीत बसणारा नाही, तिथे दहिसरच्या चिरडयंत्राशिवाय गती नाही. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट अशी की गरिबांसाठी काढलेली ही रीत आज हौशी मध्यमवर्गाच्या बंगल्यांना शोभा देताना जास्त दिसते. तिरुवनंतपुरमच्या चेंगलचूळा वस्तीत बेकर यांनी घरं बांधली होती. पण गरिबाला वाटतं, साहेबाचं घर गुळगुळीत आणि रंगवलेलं, मग माझंच उघड्या विटांचं का? या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही.

बेकर यांना १९९०ला पद्मश्री मिळाली, त्याआधीच ते भारताचे नागरिक झाले होते. १ एप्रिल २००७ला नव्वदाव्या वर्षी ‘हॅम्लेट’मध्येच त्यांनी देह ठेवला.

आमच्या गवंड्याला मी पोकळ भिंतीचं चित्र काढून दाखवलं. त्याने बोटाने विटा मोजल्या, मान हलवली आणि म्हणाला, ‘‘विटा वाचतील साहेब, पण माझा वेळ जाईल.’’ त्याचं बरोबर आहे. बेकर यांचा सगळा हिशोबच त्यावर उभा होता. सिमेंटच्या कारखान्याला जाणारा पैसा गवंड्याच्या खिशात जावा, त्याचा वेळ जास्त लागला तर लागू दे.

पुढचं काम स्वयंपाकघराचं आहे. ओट्याची कडप्पा फरशी फोडायची नाही, अख्खी काढायची, कपाटाच्या फळ्या खिळे उपटून बाजूला ठेवायच्या, असं त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. एक दिवस जास्त लागेल म्हणाला. त्या दिवसाची मजुरी मी कबूल केली आहे.